चौदा वर्षांचा अनुभव, आणि खुर्चीवर एम.कॉम.

प्रश्न: ताई, जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी चौदा वर्षांपासून हिशेब बघते. वय ३९. एफ.वाय.बी.कॉम. झालं, लगेच लग्न झालं आणि शिक्षण तिथेच राहिलं. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक सगळं माझ्याकडे आहे. फक्त वर्षअखेरीचा ताळेबंद सीए साहेब करतात. दोन महिन्यांपूर्वी शेठजींनी एम.कॉम. झालेला पंचवीस वर्षांचा मुलगा अकाउंट्स मॅनेजर म्हणून घेतला. पगार माझ्या दीडपट, आणि काम शिकवायचं मी! शेठजी म्हणतात, ‘बँकेचे लोक येतात, पदवीवाला माणूस समोर असलेला बरा.’ घरी मिस्टर म्हणतात, ‘बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? आता पदवी घेऊन काय करणार?’ बारावीतला मुलगा तर म्हणतो, ‘आई, तुझं पदवीशिवाय अडलं नाही, मग मी तरी कॉलेज कशाला करू? मोबाइलच्या दुकानात लागतो.’ त्याला मी पदवीचं महत्त्व पटवते आणि ऑफिसात पदवीवरच चिडते. माझं नेमकं काय चुकतंय? – हिशेबनीस, जळगाव

उत्तर:

ताई, तुमची चीड रास्त आहे. पत्राच्या मधल्या, इथे न छापलेल्या पानावर तुम्ही जे सहज लिहून गेलात, ते मी दोनदा वाचलं. १८ जुलै २०२२ ला नियम बदलला, २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर पाच टक्के जीएसटी आला आणि त्यावरची मोठी पोती करमुक्त राहिली. तेव्हा मिलमधला माल दोन्हीकडे विभागून बिलांची सगळी घडी तुम्ही बसवलीत. परवा नव्या मॅनेजरने मशिनच्या दुरुस्तीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, पूर्ण घेतलं. अर्धा माल करमुक्त जात असेल तर सामायिक खर्चावरचं क्रेडिट त्या प्रमाणात सोडावं लागतं, हे तुम्ही त्याला रिटर्न भरायच्या आदल्या संध्याकाळी दाखवलंत. हे क्रेडिट तसंच गेलं असतं तर पुढे नोटीस आली असती आणि शेठजींना व्याजासह पैसे भरावे लागले असते. ही जाण वर्गात बसून येत नाही. ती त्याच मिलची बिलं वर्षानुवर्षं हातातून गेल्यावर येते.

म्हणून ‘मी कमी पडले का’ हा प्रश्न मनातून काढून टाका.

पण शेठजींचं ते बँकेबद्दलचं वाक्य नुसतं लागट म्हणून सोडू नका. ते तुमच्यावर अन्याय करणारं आहे, आणि जगाची रीत मात्र त्यात बरोबर पकडली आहे. तुमचं काम किती पक्कं आहे, हे शेठजींना माहीत आहे, सीए साहेबांना माहीत आहे, दाणाबाजारातल्या दोन-चार व्यापाऱ्यांना माहीत असेल. बँकेतून नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? त्याच्यापाशी दहा मिनिटं असतात आणि समोर एक फाइल असते. जिथे लोक आपल्याला ओळखतात तिथे अनुभव बोलतो. जिथे कोणी ओळखत नाही तिथे आधी पदवी विचारतात. तुम्ही चौदा वर्षं एकाच ओळखीच्या जागी काम केलंत, त्यामुळे पदवीची गरज कधी भासली नाही. आज ती जागाच तुम्हाला परकी वाटायला लागली आहे.

मिस्टरांनी बहिणाबाईंचं नाव घेतलं ते मला खटकलं, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बहिणाबाई तुमच्या शेजारच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचत गेल्या. मग आपल्यापर्यंत त्या आल्या कशा? त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एका नातलगाने त्या उतरवून ठेवल्या म्हणून. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्रे यांना दाखवल्या, अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं आणि १९५२ मध्ये त्या छापून आल्या. इतकी मोठी प्रतिभा, पण तिच्या वतीने बोलायला लिहिता येणारा मुलगा लागला, अत्र्यांसारखा माणूस लागला. ती वही कोणी भरलीच नसती तर? खानदेशात अशा किती बायकांच्या ओव्या त्यांच्याबरोबरच गेल्या असतील! २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं, याचा मला फार आनंद आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन एखाद्या बाईला ‘तू शिकू नकोस’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. मिस्टरांना हे शांतपणे सांगा. तुमच्या वतीने बोलणारा कोणी मिलमध्ये नाही, तेव्हा स्वतःच्या हातात कागद असलेला बरा.

तेव्हा पदवी कराच. मात्र त्या नव्या मॅनेजरला मागे टाकायला किंवा शेठजींना दाखवून द्यायला करू नका. तीन वर्षांनी पदवी हातात आली तरी शेठजी कदाचित तितकेच पैसे देतील, आणि मग सगळी मेहनत वाया गेली असं वाटेल. पदवी करा ती या मिलच्या बाहेर पडता यावं म्हणून. जीएसटीच्या नियमांत, नियम ८३ मध्ये, जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी कोणाला करता येते ते दिलं आहे. वाणिज्य शाखेची पदवी ही त्यातली एक पात्रता आहे. आज तुम्ही शेठजींच्या नावाने जे करता, तेच उद्या दहा व्यापाऱ्यांसाठी स्वतःच्या नावाने करू शकाल. चौदा वर्षांचा अनुभव तुमच्याकडे आहेच, या नोंदणीसाठी बी.कॉम. कमी आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, राग मानू नका. ‘ताळेबंद सीए साहेब करतात’ असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमचा अनुभव तिथे थांबतो. घसारा कसा धरला, शिल्लक मालाची किंमत कशी लावली, नफा एवढाच का दिसतो, हे बँकेचा माणूस विचारतो. कॉस्टिंग, ऑडिट, कंपनीचे हिशेब हे बी.कॉम.च्या पुस्तकात आहे आणि तुमच्या टेबलावर आजवर आलेलं नाही. चौदा वर्षांत एका मिलचे हिशेब तुम्ही खोलवर शिकलात, दुसऱ्या प्रकारच्या धंद्याची पुस्तकं पाहिलीच नाहीत. तो एम.कॉम. मुलगा काही बाबतींत खरोखर तुमच्यापेक्षा जास्त जाणत असेल. त्याच्याकडून ते शिकून घ्या. त्याच्यावर राग धरू नका, पगार त्याने ठरवलेला नाही.

पगाराचं मात्र आत्ताच बोला, पदवीची वाट बघू नका. शेठजी एकटे असताना जा आणि सरळ सांगा, ‘शेठजी, नवीन साहेबांना काम शिकवायची जबाबदारी माझ्यावर आहे आणि रिटर्नही माझ्याच हातून जातं. माझा पगार या कामाप्रमाणे ठरवा आणि पद लेखी द्या.’ त्या मुलाचा पगार मध्ये आणू नका, नाहीतर बोलणं तिकडेच वाहत जाईल. ते नाही म्हणाले तरी लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्या. त्यात कोणत्या सालापासून, कोणतं काम, हे स्पष्ट हवं. पीएफचं पासबुक, फॉर्म १६ जपून ठेवा. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी तुम्हाला सांगायला नको.

शिक्षणासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे बघा. १९८९ पासून नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांसाठीच ते चाललं आहे. मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरावी, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे कोणी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नका. पूर्ण तीन वर्षं धरून चला. ‘एका वर्षात पदवी देतो’ म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. तसल्या कागदाने तुमचा खरा अनुभवही लोक संशयाने बघतील.

राहिला मुलगा. तुम्ही दुटप्पी वागत नाही आहात. अठराव्या वर्षी पदवी घ्यायला फार सोसावं लागत नाही, एकोणचाळिसाव्या वर्षी किती सोसावं लागतं हे तुम्ही त्याला आतून सांगू शकता. दुकानात जायचं तर त्याला जाऊ द्या, संध्याकाळचं किंवा सुट्टीतलं काम धरू द्या. गिऱ्हाईक कसं बोलतं, उधारी कशी वसूल होते, हे तो तिथे शिकेल. बी.कॉम.चा प्रवेश मात्र यंदाच घ्यायला लावा. दोघांची पुस्तकंही बरीचशी सारखी असतील.

आणि अर्ज भरायच्या आधी एक काम उरका. तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आत्ताच काढा, नाव बदलल्याचं राजपत्र लागेल का ते अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत कितीतरी बायकांचे अर्ज एवढ्याशा कारणाने अडकतात.