बँकेच्या लिलावातला फ्लॅट खरंच स्वस्त पडतो का?

कधीकधी पडतो. पण आधी ताबा बघा: प्रत्यक्ष की सांकेतिक (म्हणजे फक्त कागदोपत्री)? सांकेतिक असेल तर आत जुना मालक राहत असू शकतो, आणि तो निघेपर्यंत तुमचे पैसे अडकले. विक्री ‘जसं आहे, जिथे आहे’ तत्त्वावर. सोसायटीची थकबाकी बहुधा तुमच्याच गळ्यात. सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा, बँकेपेक्षा तोच जास्त सांगतो.

सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) बोली जिंकलात की आधी भरलेली अनामत धरून बोलीच्या रकमेचे २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत (लेखी मुदतवाढ मिळाली तर वेगळं). चुकलात तर भरलेले जप्त. म्हणून कर्जाचं आधी बघा, आणि आपला कमाल आकडा घरीच कागदावर लिहून बोलीला बसा.