पोर्टलवर ‘पेड’ दिसतंय, मग भीती कसली?

जुलै-ऑगस्टमध्ये समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक एकच असतो: “मुलीची फी इंग्लंडला पाठवायची आहे. एजंट म्हणतो माझ्यामार्फत भरा, स्वस्त पडेल. भरू का?” याचं उत्तर नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका कुटुंबाच्या प्रसंगातून देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडील वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स) निवृत्त, आई घर सांभाळणारी, मुलगी एम.एस्सी.साठी निघालेली. फीचा हप्ता १२,००० पौंड. त्यांना मिळालेल्या ११५ रुपये दराने १३ लाख ८० हजार. विद्यार्थ्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर मुलीला एक ‘फी पार्टनर’ भेटला. म्हणाला, फी आमचं लंडनचं ऑफिस भरेल, तुम्ही रुपयांत १० टक्के कमी द्या, टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर) वाचेल. शिवाय, “आधी आम्ही भरतो, तुम्ही युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर खात्री करा, मगच पैसे टाका.” नोंदणीचे २०,००० तेवढे आगाऊ.

ते २०,००० देऊन झाले होते. दुसऱ्या दिवशी पोर्टलवर खरोखरच १२,००० पौंड ‘पेड’ दिसले आणि लगेच निरोप आला: उरलेले १२ लाख २२ हजार आज संध्याकाळी सहापर्यंत या चालू खात्यात आरटीजीएस करा. खातं कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं, तेही दुसऱ्याच राज्यातलं. काकांना ते नाव खटकलं, म्हणून दुपारी बाराला तिघं आली.

काकूंचा प्रश्न साधा होता. “पोर्टलवर आलं ना बाप्पा, मग काहून फसवन तो?”

या सापळ्यात सावध माणसंही अडकतात, कारण पुरावा आधी हातात पडतो. आत घडतं ते असं. एजंट चोरलेल्या क्रेडिट कार्डाने फी भरतो. पोर्टलला कार्ड कोणाचं हे कळत नाही; रक्कम आली की ‘पेड’ उमटतं. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक स्टेटमेंट बघतो, बँकेकडे तक्रार करतो आणि बँक ती रक्कम युनिव्हर्सिटीकडून परत घेते. पोर्टलवर पुन्हा १२,००० पौंड बाकी. तोवर तुमचे रुपये त्या चालू खात्यातून चार-पाच भाड्याच्या खात्यांत फिरून निघून गेलेले असतात. मुलगी तिकडे पोहोचलेली, फी थकलेली, वर चोरीच्या कार्डाने फी भरल्याचा प्रश्न तिलाच विचारला जातो. फी थकली तर युनिव्हर्सिटी व्हिसाची स्पॉन्सरशिपही काढून घेऊ शकते.

म्हणून पोर्टलवरची नोंद पुरावा धरू नये. तुमच्या खात्यातून पैसा निघाला, बँकेने तो थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात पाठवला आणि त्याची स्विफ्ट प्रत (परदेशी पैसे पाठवल्याची बँकेची पोच) तुमच्या हातात आहे, तो पुरावा.

मुलगी रडत होती. चूक तिची, असं घरात दोनदा बोलून झालं होतं. ते आधी थांबवलं, कारण पुढचं सगळं काम तिच्याच हातून व्हायचं होतं. अपराधी वाटणारं मूल माहिती लपवतं, आणि इथे प्रत्येक स्क्रीनशॉट लागणार होता.

तिची खरी भीती वेगळी होती. एजंटने बजावलं होतं, “पैसे नाही टाकले तर युनिव्हर्सिटीला कळवून तुझा प्रवेशच रद्द करतो.” यावर उपाय एकच, आपणच आधी कळवायचं. उन्हाळ्यात नागपूर इंग्लंडच्या साडेचार तास पुढे असतं. तिथलं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे दीड वाजतो. दीडला तिने युनिव्हर्सिटीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फायनान्स ऑफिसला फोन केला. एजंटच्या मेसेजमधला नंबर वापरला नाही. मग त्याच विभागाला मेल: माझ्या खात्यावर अमुक तारखेला १२,००० पौंड जमा झालेत, ते माझ्या कुटुंबाने भरलेले नाहीत, कार्डधारकाला आम्ही ओळखत नाही, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत, फीसाठी मुदत द्यावी. त्यांनी ती नोंद उलटवायला घेतली आणि १० दिवसांची मुदत दिली.

इकडे काकांनी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली. लागलं काय? २०,००० च्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेचा संदर्भ क्रमांक), समोरचा खाते क्रमांक, वेळ आणि चॅट. चॅट डिलीट करू नका, एजंटला ब्लॉक नंतर करा. फोन जितका लवकर, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता टीसीएस, कारण खरा मोह तिथेच होता. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या पहिल्या १० लाखांवर टीसीएस लागत नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर तो नाहीच. लागला तरी १० लाखांवरच्या रकमेपुरता, आणि तोही तुमच्या पॅनवर जमा होतो. प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो. बुडत नाही. शिवाय ही मर्यादा प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी. काकूंच्या स्वतःच्या खात्यात साडेपाच लाख होते. युनिव्हर्सिटीला दोन भागांत चालेल का विचारून काकांनी ७,५०० पौंड म्हणजे ८ लाख ६२ हजार ५००, आणि काकूंनी ४,५०० पौंड म्हणजे ५ लाख १७ हजार ५०० पाठवायचं ठरलं. टीसीएस शून्य, सगळं नियमात. एलआरएसची, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, अडीच लाख डॉलरची वार्षिक मर्यादा तर फारच दूर.

मानेवाड्याच्या त्यांच्या शाखेत फॉरेक्सचं काम होत नव्हतं, सीताबर्डीवरच्या मोठ्या शाखेत जावं लागलं. सोबत दोघांचे पॅन, मुलीच्या पासपोर्टची प्रत, ऑफर लेटर, फीचं इन्व्हॉइस. ए-२ फॉर्मवर, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावर, परदेशातल्या शिक्षणाचा हेतू कोड एस ०३०५. संदर्भाच्या रकान्यात मुलीचा स्टुडंट आयडी, दोन्ही फॉर्मवर तोच. तो राहिला तर पैसे पोहोचूनही मुलीच्या नावे लागत नाहीत. शुल्काच्या पर्यायात ‘अवर’, म्हणजे सगळं शुल्क आपण भरणार, नाहीतर मधली बँक आपलं शुल्क कापते आणि फी थोडक्यासाठी अपुरी पडते.

खाते क्रमांक मात्र मेलमधल्या पीडीएफवरून उतरवू नये. बनावट मेलच्या पत्त्यात ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी असतात. मोबाइलवर, चष्मा लावूनही, ते एकच अक्षर दिसतं. तपशील लॉगिन करून पोर्टलवरून घ्यावा आणि फोनवर वाचून ताडून पाहावा. स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, ८ किंवा ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं-सहावं अक्षर देश सांगतं, इंग्लंडसाठी ‘जीबी’. तिथला आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) २२ अक्षरांचा, सुरुवात ‘जीबी’नेच. काही युनिव्हर्सिट्या फ्लायवायरसारख्या सेवेमार्फत फी घेतात. तिथेही शिरायचं ते युनिव्हर्सिटीच्या लॉगिनमधून, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

इतकी तपासणी आधीच करायची, कारण परदेशी बँक बरेचदा क्रमांक बघून पैसे जमा करते, नाव जुळवेलच असं नाही. चुकीच्या खात्यात गेलेच, तर त्याच दिवशी शाखेत लेखी रिकॉल, म्हणजे पैसे परत बोलावणं, मागावा. समोरच्या खातेदाराने नकार दिला किंवा पैसे काढले असतील, तर रिकॉल बहुधा फसतो.

तिसऱ्या कामाच्या दिवशी पोर्टलवर दोन नोंदी आल्या, एक काकांच्या नावाची, एक काकूंच्या. त्यांचे २०,००० अजून आलेले नाहीत. मध्ये एकाचा फोन आला होता, ३,००० भरा, अडकलेले पैसे सोडवून देतो म्हणून. या वेळी काकूंनीच तो कापला आणि नंबर तक्रारीत जोडला.