जुन्या गुरचरणीवर कला आणि निसर्ग एकत्र आणता येईल का?

प्रश्न रत्नागिरीकडच्या पडीक गुरचरणीचा आहे. येईल, पण आधी जागा पावसात बघा. कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार असेल तर खड्डे मारून झाडं लावू नका! उन्हाळ्यात उजाड दिसणाऱ्या त्याच सड्यावर जूनमध्ये पांढरी दीपकाडी फुलते आणि पुढे सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू येतात. ही रानफुलं झाडांच्या सावलीत टिकत नाहीत. थोडी गुरं चरली तरी चालतं, उंच गवत आटोक्यात राहतं.

उतारावर माती असेल तिथे कलेला वाव. सुट्या जांभ्या दगडांचे वळणदार गडगे उताराला आडवे रचा. सिमेंट नको, फटींत सरडे आणि नेचे राहायला येतात. मध्ये बांबूची उंच शिल्पं उभारा. बुलबुल त्यांवर बसतात आणि विष्ठेतून तोरणासारख्या रानझुडपांच्या बिया पडतात. करवंदाच्या जाळ्या मुळीच तोडू नका, त्यांच्या काट्यांआड रोपं गुरांपासून वाचतात. रानमोडी हे पसरणारं परकं तण मात्र फुलण्याआधी उपटा, आणि जानेवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, काढून ठेवा. एक वणवा लागला की सगळं मुसळ केरात.

आणखी एक, कातळावर नवं काही कोरू किंवा रंगवू नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी, उक्षी, बारसू या गावांसारखी कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, मातीखाली तुमच्याकडेही असू शकतात. कशेळीचा हत्ती तर अठराएक मीटर लांब आहे, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. सड्यावरची कला आपल्या आधीच सुरू झालीय.