बेसिकमेडसाठी डॉक्टर शोधताना

अमेरिकेत आपण नव्यानेच उड्डाण शिकत असाल आणि एफएएचे (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे) वैद्यकीय प्रमाणपत्र पूर्वी कधीच घेतले नसेल, तर आधी एफएएने नेमलेल्या वैद्यकीय परीक्षकाकडून तिसऱ्या वर्गाचे, म्हणजे खासगी वैमानिकांसाठीचे, प्रमाणपत्र घ्यावे लागेल. १४ जुलै २००६ नंतर असे प्रमाणपत्र ज्यांच्याकडे होते, त्यांनाच बेसिकमेडचा, म्हणजे परीक्षकाच्या प्रमाणपत्राऐवजी साध्या डॉक्टरच्या तपासणीवर विमान उडवण्याचा, मार्ग खुला असतो. पुष्कळ नवशिके हा क्रम उलटा समजतात.

बेसिकमेडची तपासणी दर ४८ महिन्यांनी करावी लागते आणि ती राज्याचा परवाना असलेला कोणताही डॉक्टर करू शकतो. नर्स प्रॅक्टिशनरची (उपचार करू शकणाऱ्या उच्चप्रशिक्षित परिचारिकेची) सही मात्र चालत नाही. तरीही फॅमिली डॉक्टर अनेकदा नकार देतात, कारण सही केली की वैमानिकाच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी आपल्यावर येईल, अशी भीती त्यांना वाटते. म्हणून भेटीची वेळ ठरवतानाच एफएएची तपासणी यादी पाठवून द्यावी आणि होकार घ्यावा. ऐनवेळी कागद पुढे केला, तर डॉक्टर बिचकणारच. नकार मिळाल्यास वाद घालू नये. काही वैद्यकीय परीक्षकही बेसिकमेडची तपासणी करतात, त्यांना विचारावे.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. जुना आजार किंवा नियमित औषध असेल, तर परीक्षकाला मेडएक्सप्रेस अर्जाचा (एफएएच्या ऑनलाइन वैद्यकीय अर्जाचा) क्रमांक देण्यापूर्वी केवळ सल्ल्यासाठी भेटावे. अर्ज एकदा नाकारला गेला, तर बेसिकमेडचे दारही बंद होते.