थेंब दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय

प्रश्न: नमस्कार, सहा महिन्यांपूर्वी नऊ वर्षं जुनी पेट्रोल गाडी घेतली. घेताना कूलंटची टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरलेली होती, इंजिनही छान चालत होतं. आता दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडतो तर लेव्हल मिनच्या खाली, दर वेळी अर्धा लिटर तरी टाकतोय. गाडीखाली एक थेंब नाही. टेंपरेचरचा काटा कधी मध्याच्या वर गेलेला नाही. एक मेकॅनिक म्हणाला, जुनी गाडी थोडं पाणी खातेच, टाकत राहा. दुसऱ्याने दोन मिनिटं बघून हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणून सांगितलं, इंजिन खोलावं लागेल म्हणे. तिसरा म्हणतो रेडिएटर बदला. कुणाचं ऐकू?

उत्तर: सध्या तिघांपैकी कुणाचंच नाही. तिघांनीही कूलंट नेमकं कुठून जातंय हे न बघताच निकाल दिलाय.

आधी पहिल्या मेकॅनिकचं बघू, कारण त्याचं म्हणणं सगळ्यात जास्त नुकसान करतं. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ते कंपन्याही मान्य करतात. कूलंटचं तसं नाही. ती बंद सिस्टीम आहे, तेच कूलंट इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात फिरत राहतं, ते खर्च व्हायचं काही कारणच नाही. वर्षभरात बोटभर लेव्हल खाली आली तर मी काळजी करणार नाही, पण पंधरा दिवसांत अर्धा लिटर म्हणजे कुठेतरी वाट सापडलेली आहे आणि ती वाट आपोआप बंद होत नाही, मोठीच होत जाते.

दुसरं म्हणजे काटा मध्यावर आहे यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो मध्यावरच राहतो. शिवाय सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच नीट रीडिंग देतो. लेव्हल इतकी खाली गेली की सेन्सर उघडा पडला, तर इंजिन भाजतंय आणि काटा शांत, असं होऊ शकतं. काट्याच्या आधी कळणारी एक खूण आहे, हीटर. इंजिन गरम झाल्यावर हीटर लावून बघा, गार वारा आला किंवा थोडा वेळ गरम थोडा वेळ गार असं झालं तर आत हवा शिरलीय, म्हणजे कूलंट बरंच कमी आहे.

आता करायचं काय. पहिला आठवडा फक्त मोजा. रोज सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असताना, सपाट जागेवर, टाकीवर लेव्हलच्या रेषेला टेपचा तुकडा चिकटवा. वहीत किलोमीटर लिहा आणि टाकलंत तर किती मिली टाकलं ते लिहा. नुकतंच कुणी कूलंट बदललं असेल किंवा होज, म्हणजे कूलंटची रबरी नळी, काढला असेल तर आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पहिल्या काही फेऱ्यांत लेव्हल थोडी उतरते, एकदोनदा भरून थांबली तर तो लीकेज नव्हेच. तुमचं सहा महिने चाललंय म्हणजे ते कारण नाही, तरी वही ठेवाच. लांब पल्ल्याच्या प्रवासात जास्त जातं की रोजच्या छोट्या फेऱ्यांत, की नुसती उभी राहूनही कमी होतं, एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

थेंब का दिसत नाही याचं उत्तर सोपं आहे. गाडी चालू असताना सिस्टीममध्ये प्रेशर असतं, बारीक फटीतून कूलंट तेव्हाच बाहेर येतं, तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच वाळतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. शिवाय हल्ली इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असतं, ते कूलंट धरून ठेवतं. पण वाळलेलं कूलंट डाग सोडतं, त्याच्या रंगाची किंवा पांढरट, मिठासारखी खपली. ती शोधायची. गार इंजिन, हातात टॉर्च, खालचं कव्हर काढलेलं, आणि अर्धा तास निवांत वेळ. दोन मिनिटांत हे होत नाही.

कुठे बघायचं तेही सांगतो. रेडिएटरच्या दोन्ही कडांना प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते, त्या जोडावर बघा. प्रत्येक होजच्या तोंडाशी क्लिपखाली बघा, रबर दाबून बघा, फुगलेलं, मऊ पडलेलं किंवा चिरा गेलेलं आहे का. थर्मोस्टॅटची (तापमान बघून कूलंटची वाट उघडणाऱ्या वॉल्वची) हाउसिंग प्लास्टिकची असेल तर तिला आरपार बारीक तडा जातो, तो गार असताना दिसतही नाही, बोटाने खालून पुसून बघा, चिकट लागतं का. आणि मग वॉटर पंप. त्याच्या अंगावर खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली ओघळ दिसला, ओला असो की वाळलेला, तर पंपाचे दिवस भरले. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हे अजिबात टाळू नका, बेल्टला कूलंट लागलं तर तोही खराब होतो आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत वॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय कारण माझ्या पहिल्या सेकंडहँड गाडीत मी आधी रेडिएटर बदलला होता, नवा कोरा, आणि कूलंट जायचं थांबलं नाही. पुढे कव्हर काढलं तेव्हा पंपाच्या त्या भोकाखालून बोटभर रुंद हिरवट पांढरी रेघ सरळ खाली गेलेली. ती तिथे पहिल्या दिवसापासून होती, आम्ही कुणी बघितलीच नव्हती.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण विसरू नका, स्वस्त वस्तू आहे म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो, अनेक गाड्यांत ०.९ ते १.४ बारच्या दरम्यान. हा दाब आहे म्हणून कूलंट उशिरा उकळतं. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, एक बार दाबाखाली सव्वाशेच्याही वर जातं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं तर दाब टिकत नाही, चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये कूलंट उकळून ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं आणि इंजिनाला काहीही झालेलं नसताना लोक हेड उतरवतात. टाकीभोवती आणि झाकणाखाली शिंतोडे दिसले तर आधी त्याच आकड्याचं नवं झाकण लावा.

एवढं करून काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंप आणि दाब दाखवणारा काटा असलेलं साधं यंत्र असतं, झाकणाच्या जागी बसवतात आणि झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरतात, त्याहून जास्त नाही. वीस मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर गळती आहे आणि आता इंजिन बंद आहे, गार आहे, पंखा फिरत नाही, त्यामुळे थेंब निवांत शोधता येतो. मेकॅनिकला सांगा की गार गाडीवर करा आणि मग गरम करून परत करा, कारण काही जोड गार असतानाच गळतात, धातू तापून फुगला की घट्ट बसतात, आणि काहींचं बरोबर उलटं. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर मग दोनच जागा उरतात, गाडीच्या आतली हीटर कॉइल (हीटरसाठी गरम कूलंट फिरवणारी जाळी) नाहीतर इंजिनाचं पोट.

हीटर कॉइलचं घरीच कळतं. डॅशबोर्डखालचं कार्पेट दोन्ही बाजूंनी हाताने दाबून बघा, वरून नाही, खालच्या फोमपर्यंत बोटं घाला. ओलं आणि चिकट लागलं, गोडसर वास आला, हीटर लावल्यावर समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर कॉइल गळतेय. एसीची नळी तुंबली तरी कार्पेट भिजतं, पण ते साधं पाणी असतं, त्याला वास नसतो, चिकटत नाही.

आता हेड गॅस्केट. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकचं चूक असेलच असं मी म्हणत नाही, पण ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली एवढ्यावर तो बोलला असेल तर ते पुरेसं नाही. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, थंडीत, वाफ झाकणापाशी थिजून तसा थर येतो. डिपस्टिक काढा, तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि ऑइलची लेव्हल वाढलेली नसेल तर घाबरू नका. डिपस्टिकवरही चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालूच करू नका, टो करून न्या. सकाळचा पांढरा धूरही तसाच, पाचेक मिनिटांत नाहीसा झाला तर ती सायलेन्सरमधली वाफ. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोड वास आला तर कूलंट जळतंय.

एक तपासणी फुकट आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा रेडिएटर होज सकाळी चालू करण्याआधी हाताने दाबा. तो मऊ हवा. तो टणक लागला, आणि झाकण हळूच सैल केल्यावर फुस्स असा आवाज आला, तर रात्रभर गार होऊनही दाब उरलाय म्हणजे सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. पक्की खात्री ब्लॉक टेस्टरने होते. त्यात निळं द्रव असतं, टाकीच्या तोंडावर लावून वरची हवा त्यातून ओढतात, कार्बन डायऑक्साइड आला तर निळ्याचं पिवळं होतं. लेव्हल थोडी कमी करून घ्यायची, कूलंट आत ओढलं गेलं तर टेस्ट वाया जाते. इंजिन गार असतानाच यंत्र बसवायचं आणि मग गरम होऊ द्यायचं. त्यानंतर स्पार्क प्लग काढा, तीन काळपट तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट येतंय, सकाळी पहिल्या मिनिटाला गाडी मिसिंग मारत असेल तर त्याचंही कारण तेच. हे सगळं जुळलं की मग खुशाल हेड उतरवा, आणि उतरवलंच आहे तर ते सपाट आहे का, तडा आहे का हे वर्कशॉपमध्ये तपासून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट लावू देऊ नका.

तोपर्यंत गाडीत काय टाकायचं? मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. नळाचं नको, त्यातले क्षार आत बसतात. लीकेज बंद करणारी पावडर किंवा बाटली अजिबात नको, ती गळती कुठली आणि हीटरच्या बारीक नळ्या कुठल्या हे ओळखत नाही, दोन्ही बुजवते. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, कपडा धरूनही नको. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट उकळून चेहऱ्यावर येतं, भाजलेले लोक मी बघितलेत.

प्रश्न: माझी डिझेल आहे. कूलंट जातं, बाहेर कोरडं, ब्लॉक टेस्ट दोनदा केली, द्रव निळंच राहिलं. तरी मेकॅनिक हेडच म्हणतोय. अजून काही असू शकतं का?

उत्तर: असू शकतं, ईजीआर कूलर. सायलेन्सरकडे जाणारा थोडा गॅस परत इंजिनात सोडण्याआधी कूलंटने गार करतात, त्यासाठीचा तो डबा. त्याच्या आतल्या नळ्यांना तडा गेला की कूलंट गॅसच्या बाजूला जातं आणि इंजिन ते ओढून जाळतं, बाहेर एक थेंब येत नाही, हेड गॅस्केटसारखीच सगळी लक्षणं दिसतात. सिस्टीमला प्रेशर लावून काही तास ठेवा, कूलरची गॅसच्या बाजूची पाइप सोडवा आणि आत बघा. तिथे कोरडी काजळी असायला हवी. ओली, चिखलासारखी काजळी किंवा धुतलेला धातू दिसला तर कूलर बदला, हेडला हात लावायची गरज नाही. आणि डिझेलवर ब्लॉक टेस्टचं द्रव पूर्ण पिवळं न होता हिरवटच होतं, म्हणून टेस्ट करताना तुम्ही स्वतः शेजारी उभे राहून रंग बघा, थोडासा हिरवेपणा घाईत सुटतो.

प्रश्न: गाडीत गुलाबी कूलंट होतं, कमी झालं म्हणून पेट्रोल पंपावरून हिरवं घेऊन टाकलं. बिघडलं का काही?

उत्तर: लगेच नाही, पण तसंच ठेवू नका. रंग हा फक्त रंग आहे, दोन कंपन्यांचं गुलाबी वेगळं असू शकतं आणि एक हिरवं एक गुलाबी आतून सारखं असू शकतं. बाटलीवरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळतंय का ते बघा. नसेल जुळत तर गंज रोखणारी द्रव्यं एकमेकांना मारतात, कधीकधी गाळ धरतो, म्हणून सगळं काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवं भरा. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत किंवा गटारात नको. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडनी निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर काय आहे ते लिहा आणि गॅरेजला परत द्या.