४०० बीएचपीची, मागच्या चाकांवर चालणारी मॅन्युअल गाडी ड्रॅग रेसमध्ये लाँच कशी करावी? माझी चाकं जागीच फिरतात.

चाकं फिरतायत म्हणजे क्लच एकदम सोडताय. साध्या रोड टायरवर साधारण ३००० आरपीएम धरा, क्लच पकडायला लागतो तिथपर्यंत पटकन आणा आणि तिथे क्षणभर घसरू द्या. गाडी हलली की क्लचवरून उरलेला पाय काढा, अ‍ॅक्सिलरेटर मात्र हळूहळू वाढवत न्या. टायरचा हलका चीत्कार चालतो, कारण थोड्याशा स्लिपलाच पकड सर्वांत जास्त असते. धूर निघाला की वेळ गेला. उलट इंजिन गुदमरलं तर पुढच्या वेळी ३००-४०० आरपीएम वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

मागच्या टायरची हवा दोन-चार पीएसआय कमी करा, घरी निघताना परत भरा. सुरुवातीच्या रेषेआधी पाण्याचा पट्टा (रेसिंग टायर जागीच फिरवून तापवण्यासाठी भिजवलेली जागा) असेल तर रोड टायरने तो टाळून जा; खाचांत साठलेलं पाणी नेमकं लाँचच्या जागी गळतं.

आणि हिरव्या दिव्याला घाबरू नका. ४०२ मीटरचं (पाव मैल, ड्रॅग रेसचं नेहमीचं अंतर) घड्याळ तुमची गाडी हलल्यावरच सुरू होतं. उशीर झाला तर शेजारचा जिंकेल, पण तुमचा ईटी (अंतर कापायला लागलेला वेळ) बिघडत नाही.

सायन-पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये रोज अर्धा क्लच दाबून चालवत असाल तर आधी क्लच प्लेट तपासा. जळका वास आला की दहा-पंधरा मिनिटं थांबा. सराव बीकेसीत रात्री नको, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रेस भरते तेव्हा करा.