गावात कोणाला किती शेती अनुदान मिळालं हे बघता येतं का? आणि विचारणं बरं दिसतं का?

बघता येतं. बरं दिसत नाही म्हणणारे कोण असतात, तेही सांगतो.

पीएम किसानची गावनिहाय यादी साइटवर कोणालाही उघडते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर ठिबक, अवजारं वगैरेंची निधी वितरित यादी असते. गाडी अडते ती अतिवृष्टीच्या यादीपाशी, आणि मी तिथेच पोळलोय.

२०२२ चा पाऊस. आमच्याकडे मराठवाड्यात सोयाबीन उभं कुजलं. त्या वर्षी जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये जाहीर झाले होते. माझं ८० आर गेलं, म्हणजे १०,८८० यायला हवे होते. आले ५,४४०. तलाठी म्हणाले, यादी वरून आली, तहसीलला विचारा. तहसीलला गेलो तर म्हणे, पंचनामा खालून आला. तिसऱ्या चकरेला मी माहिती अधिकाराचा नमुना 'अ' भरला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि अख्ख्या गावाची पंचनाम्याची आणि वाटपाची यादी मागितली. ३० दिवस उलटले, काही नाही. पहिलं अपील टाकलं तेव्हा कुठे सात पानं हातात पडली.

माझ्या नावापुढे ४० आर. आणि चार ओळी खाली आमचे चुलते. सोयाबीन, १ हेक्टर २० आर, १६,३२० रुपये. त्या गटाला तीन वर्षं नांगर लागलेला नाही. बाभळी आहेत तिथे. मी बांधावरून रोज बघतो.

तात्या गावभर सांगत सुटले, पुतण्याने माझ्यावर अर्ज टाकला. त्यांच्या धाकटीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पोस्टाने आली. घरं समोरासमोर आहेत आमची.

आता खरं सांगायचं तर संशय मला होताच. बांधावरून आमचं आधीपासून वाजलेलं. माझ्या गटापुरताच पंचनामा मागितला असता तरी माझं काम भागलं असतं. तरीही मागितलं ते चुकलं असं मला वाटत नाही. तात्या म्हणतात, अनुदान ही ज्याच्या त्याच्या घरातली गोष्ट. कशी काय? पैसा तिजोरीतला, पंचनामा सरकारी, आणि यादी तेवढी घरातली? ती चावडीवर चिकटवायला हवी, खाली हात पोचेल अशी.

तुम्ही अर्ज करणार असाल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ लिहाच. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता जाहीर करायचा, असं त्यात आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं पोटकलम बदललंय, त्यामुळे नकाराला निमित्त सोपं झालंय. बँक खातं, आधार नंबर मागू नका, गरजही नसते.

आणि हो, यादीत जास्तीचा आकडा दिसला म्हणून माणूस लगेच चोर ठरत नाही. पंचनामे घाईत, कधी एकाच जागी बसून होतात. तात्यांनी स्वतः १ हेक्टर २० आर लिहायला सांगितलं असेलच असं मीही म्हणत नाही. पण खात्यावर आल्यावर तर कळलं असेल ना?

माझे उरलेले ५,४४० अजून आलेले नाहीत.